४ व्होल्टच्या टॉर्चमध्ये लिथियम सेल: दिवा लागेल, पण चार्जिंग थांबवणार कोण?

ऐरोलीहून एकांनी विचारलंय: गावी, शहापूर तालुक्यात, वडिलांचा चार्जिंगचा टॉर्च आहे. आतली ४ व्होल्टची बॅटरी मेली. माझ्याकडे जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेले ३.७ व्होल्टचे लिथियम सेल आहेत. व्होल्टेज जवळपास सारखंच आहे, तर जुन्या बॅटरीच्या दोन वायरी तशाच या सेलला जोडल्या तर चालेल ना? चार्जिंगची पिन तीच राहू द्यायची आहे, वडिलांना तिचीच सवय आहे.

दिवा लागेल. पहिल्यापेक्षा चांगला लागेल आणि जास्त वेळ चालेल. पण वायरी तशाच जोडू नका, आणि ती पिन तर अजिबात ठेवू नका. तुम्ही व्होल्टेज जुळतंय का हे पाहिलंत, ते बरोबरच आहे. खरी अडचण मात्र चार्जिंगची आहे. सेल भरला की चार्जिंग थांबवायचं काम त्या टॉर्चमध्ये कोणीच करत नाही.

मी कळव्यात राहते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ८ वर्षं असेंब्लीला सोल्डरिंग केलं आणि त्यानंतर गेली १७ वर्षं घरच्या टेबलावर टॉर्च, इमर्जन्सी दिवे, मच्छर मारायच्या रॅकेट दुरुस्त करते. या तिन्हींच्या पोटात बहुतेक वेळा एकच गोष्ट निघते: ४ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि नखाएवढं चार्जिंगचं सर्किट. आपल्याकडे घराघरात टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’, म्हणून गोंधळ नको: खाली टॉर्च म्हणजे टॉर्च, बॅटरी म्हणजे जुनी लेडची डबी आणि सेल म्हणजे तुमचा लिथियमचा नळकांड्यासारखा सेल.

टॉर्च उघडण्याआधी पिन सॉकेटमधून काढलेली आहे ना, ते बघा. स्क्रू बऱ्याचदा मागच्या स्टिकरखाली लपलेले असतात, बोटाने दाबून पाहिलं की खळगा लागतो. आत बॅटरी फुगून प्लास्टिकला घट्ट बसलेली असेल आणि तिच्या पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसेल. हात लावण्याआधी हातमोजे घाला, ती भुकटी शिशाची आणि आम्लाची आहे. आता चार्जिंगचं सर्किट बघा. एक चौकोनी, बहुतेक पिवळा किंवा तपकिरी कपॅसिटर, त्यावर ‘४७४’ किंवा ‘१०५’ छापलेलं. शेजारी एक-दोन रेझिस्टर, ४ डायोड. बस्स. ट्रान्सफॉर्मर नाही, आयसी नाही.

हा कपॅसिटर २३० व्होल्टच्या लाइनमधून थोडासाच करंट पुढे सोडतो. ४७४ म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरड, त्यातून बॅटरीला सुमारे ३० मिलिअँप मिळतात. १०५ म्हणजे १ मायक्रोफॅरड, त्यातून ६० ते ६५. सेल रिकामा असो वा काठोकाठ भरलेला, हा करंट जवळपास तेवढाच येत राहतो. व्होल्टेज किती ठेवायचं हे सर्किट ठरवत नाही, समोरची बॅटरी ठरवते.

लेडची बॅटरी हे सहन करते. भरून झाल्यावर येणारा करंट तिच्यातल्या पाण्याचा वायू करण्यात जातो, तो झडपेतून निघून जातो आणि बॅटरी हळूहळू सुकते. म्हणून या बॅटऱ्या दोनेक वर्षांत जातात. तुमच्या वडिलांची गेली ती यामुळे, किंवा उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिल्यामुळे. पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती कितीही वेळ लावली तरी भरत नाही. दोन्हींत नुकसान होतं ते बॅटरीचं.

लिथियम सेलचं तसं नाही. तो ४.२ व्होल्टला भरतो, आणि तिथे चार्जिंग थांबलंच पाहिजे. त्यापुढे करंट ढकलत राहिलात तर आत लिथियम धातूचा थर साचायला लागतो, द्रावण फुटतं, वायू आणि उष्णता तयार होते. त्या उष्णतेने प्रक्रिया आणखी वेगाने होते. एकदा ती स्वतःच्या जोरावर धावायला लागली की बाहेरून थांबवता येत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे: "माझ्या मित्राने असंच जोडलंय, वर्ष झालं, चालतंय." चालत असेल. का चालतंय ते सांगते.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या वॉचमनचा टॉर्च माझ्याकडे आला होता. कोणीतरी आत मोबाइलचा चपटा सेल थेट जोडून दिला होता. कपॅसिटर १०५ चा. टॉर्च रोज सकाळी ७ ते संध्याकाळी ७ चार्जिंगला, म्हणजे १२ तास गुणिले ६५ मिलिअँप, रोजचे साधारण ७८० मिलिअँप-तास आत. पावसाळ्यात तो रात्री चारेक तास पेटायचा. एलईडी २०० मिलिअँप घ्यायचा, म्हणजे रोजचे ८०० बाहेर. जमा-खर्च बरोबर जुळत होता, म्हणून पावसाळाभर सगळं छान चाललं. दिवाळीनंतर वापर तासाभरावर आला. खर्च २०० झाला, जमा ७८० च राहिली. चार-पाच दिवसांत सेल इतका फुगला की टॉर्चचं प्लास्टिक शिवणीवर उकललं आणि एका बाजूने तपकिरी पडलं. वॉचमनला वास आला, त्याने पिन उपटली आणि टॉर्च अंगणात ठेवला, म्हणून तिथेच थांबलं. सेल जोडणाऱ्याने तीन महिने चालताना पाहिला होता आणि त्याचं काम बरोबर आहे अशी त्याची खात्री होती. तुमचे वडील टॉर्च किती वेळ वापरतील आणि किती वेळ सॉकेटला ठेवतील, यावर त्यांच्या घराची सुरक्षितता टांगून ठेवायची नाही.

"मग प्रोटेक्शनवाला सेल घेतो," असंही लोक म्हणतात. अशा सेलच्या टोकाला एक छोटी संरक्षक पट्टी असते. सेल सुमारे ४.३ व्होल्टला गेला की ती सर्किट तोडते, हे खरं. पण तोडल्याबरोबर कपॅसिटरच्या सर्किटला अडवणारं समोर काहीच राहत नाही आणि त्याचं व्होल्टेज चढत जातं, थेट ३२५ पर्यंत जाऊ शकतं, कारण २३० च्या लाइनचं टोक तेवढं असतं. पट्टीवरचा मॉसफेट, म्हणजे सर्किट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बहुधा २० व्होल्टचा असतो. तो जातो, आणि जाताना बऱ्याचदा शॉर्ट होऊन जातो. म्हणजे चार्जिंग परत सुरू, आणि आता अडवणारं कोणीच नाही.

पिनबद्दल आणखी एक. या सर्किटमध्ये लाइन आणि बॅटरी यांना एकमेकांपासून तोडून ठेवणारं काहीच नसतं. पिन सॉकेटमध्ये असताना मीटरचे दोन टोक बॅटरीला लावलेत तर तो ४ व्होल्ट दाखवेल, पण तुमच्या शरीरासाठी ती बॅटरी २३० व्होल्टवर बसलेली असते. शिकत असताना मी हेच केलं होतं, ४ व्होल्टच तर आहेत म्हणून बॅटरीची पट्टी बोटाने सरळ करायला गेले. कोपरापर्यंत बसलेला झटका अजून आठवतो, आणि तेव्हा मी कोरड्या लाकडी स्टुलावर बसले होते. गावी जमीन ओली असते, हात ओले असतात, टॉर्च गोठ्यातून येतो. म्हणून नवीन जोडणीत जुनी पिन, कपॅसिटर, डायोड सगळं काढून टाका आणि पिनेची भोकं आतून चिकटवून बंद करा. नुसत्या वायरी कापून पिन तशीच ठेवू नका. घरातलं कोणीतरी सवयीने ती सॉकेटमध्ये घालणारच.

आता तुमच्या सेलकडे येऊ. लॅपटॉपचे म्हणजे १८६५० असणार: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. आधी मीटर लावा. २ व्होल्टच्या खाली असेल आणि तसाच महिनोन्‌महिने पडून असेल, तर तो बाजूला करा. इतका खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अडीच-तीनच्या वर असेल तर योग्य चार्जरवर पूर्ण भरा आणि भरताना अधूनमधून हात लावून पाहा. कोमट ठीक, गरम झाला तर तो सेल गेला. भरल्यावर दोन आठवडे तसाच ठेवा आणि परत मोजा. ४.१ च्या खाली उतरला असेल तर मी तो वडिलांच्या टॉर्चमध्ये घालणार नाही. स्वतःच्या टेबलावरच्या दिव्याला चालेल, जिथे तुमची नजर असते.

वरचं प्लास्टिकचं आवरण नखाएवढंही फाटलेलं चालणार नाही. या सेलचं सगळं अंग मायनस असतं, अगदी प्लसच्या टोपीच्या कडेपर्यंत. टोपी आणि अंग यांच्यामध्ये फक्त कागदाची एक बारीक चकती आणि ते आवरण. तिथे निकेलची पट्टी किंवा स्क्रूचं टोक घासलं की सेल थेट शॉर्ट.

नवीन सेल घेणार असाल तर आणखी चांगलं, आणि खरं सांगायचं तर वडिलांसाठी मी नवीनच घेईन. १८६५० मध्ये आज खरी क्षमता साधारण २००० ते ३५०० मिलिअँप-तास असते. ‘९९००’ छापलेला सेल दिसला तर तो आकडा खोटा आहे, त्या डब्यात तेवढं मावतच नाही. वजन बघा, चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ठाणे स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड आहेच.

सेलला थेट सोल्डर मारू नका. सोल्डरिंगची उष्णता प्लसच्या टोपीखालच्या सीलपर्यंत आणि आतल्या पातळ पडद्यापर्यंत जाते, आणि झालेलं नुकसान बाहेरून दिसत नाही. एक १८६५० चा होल्डर घ्या आणि वायरी होल्डरला सोल्डर करा. पुढे कधी सेल बदलायचा झाला तर गावातला कोणीही बदलू शकेल.

चार्जिंगला टीपी ४०५६ चं मॉड्यूल, म्हणजे लिथियम सेल भरायची छोटी तयार पट्टी घ्या, तेही प्रोटेक्शनवालं. ओळखायची खूण म्हणजे त्यावर सेलचे दोन आणि आउटपुटचे दोन असे चार वेगळे पॅड, म्हणजे वायर सोल्डर करायच्या जागा असतात. दोनच पॅड असलेलं साधं मॉड्यूल घेऊ नका. सेल ‘बी प्लस, बी मायनस’ला, आणि टॉर्चचा स्विच व एलईडी ‘आउट प्लस, आउट मायनस’ला. एलईडी थेट सेलला जोडलात तर चार्जिंग नीट होईल, पण सेल पूर्ण उतरताना कोणी अडवणार नाही. मॉड्यूल ५ व्होल्टवर म्हणजे साध्या मोबाइल चार्जरवर चालतं, ४.२ ला पोचून करंट शंभरेक मिलिअँपवर आला की आपोआप थांबतं. सेल सुमारे २.४ व्होल्टला उतरला की आउटपुट तोडतं.

बाजारातलं मॉड्यूल १ अँपिअरवर बसवलेलं असतं. मोकळ्या टेबलावर ते ठीक, बंद प्लास्टिकमध्ये चिप तापते: ५ व्होल्ट आत, सेल ३.७ वर, मधले १.३ वॅट नुसती उष्णता. मी चिपच्या दुसऱ्या पायाला जोडलेला ‘१२२’ छापाचा रेझिस्टर काढून २ किलो-ओहमचा लावते. करंट ५८० मिलिअँपवर येतो, २००० चा सेल चारेक तासांत भरतो, मॉड्यूल थंड राहतं आणि जुन्या सेललाही हे मानवतं. इतकं बारीक सोल्डरिंग जमणार नसेल तर तो राहू द्या, पण मग मॉड्यूल सेलला चिकटून बसवू नका, टॉर्चच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणखी एक, स्वस्त मॉड्यूल टाइप-सीचं असलं तरी दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर बऱ्याचदा चार्जच होत नाही. वडिलांना एका टोकाला जुनं रुंद यूएसबी असलेली केबल द्या, म्हणजे ‘टॉर्च बिघडला’ असा फोन येणार नाही. आणि चार्जिंगला असताना टॉर्च बंद हवा. पेटता राहिला तर मॉड्यूलला करंट कमी झालेला कळतच नाही आणि ते थांबत नाही.

एलईडीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि इथे टॉर्चप्रमाणे फरक पडतो. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ ते ३.३ व्होल्ट लागतात, उरलेलं व्होल्टेज रेझिस्टरवर पडतं. जुनी बॅटरी एलईडी पेटताना जराशी दबायची, लिथियम तेवढा दबत नाही आणि भरल्यावर ४.२ देतो. त्यामुळे सुरुवातीला करंट थोडा जास्त जातो. बारीक दहा-बारा एलईडी असतील आणि रेझिस्टर असेल तर बहुधा काही बदलावं लागत नाही. पण काही स्वस्त टॉर्चमध्ये रेझिस्टरच नसतो, बॅटरीच्या अशक्तपणावरच भागवलेलं असतं. तिथे लिथियम लावला की एलईडी निळसर, झगझगीत दिसतात आणि महिन्याभरात एकेक मंद होत जातात. एक वॅटचा एकच मोठा एलईडी असेल तर ३.३ ओहम, १ वॅटचा रेझिस्टर सीरिजमध्ये घाला. ४.२ व्होल्टला ३०० मिलिअँपच्या आसपास जातील, सेल उतरेल तसा करंट आणि उजेड दोन्ही कमी होत जातील. उलट मला हेच आवडतं: सुरुवातीला लख्ख, पुढे बराच वेळ पायाखालची वाट दिसेल एवढा. अंदाज नको, मीटर सीरिजमध्ये लावून मोजा.

इथवर वाचून सोल्डरिंग आपल्याला जमणार नाही असं वाटत असेल, तर मी दोन वेगळे मार्ग सांगेन. पहिला, लेडची तशीच ४ व्होल्टची बॅटरी आणून लावा. पिन, सवय, सगळं तेच राहील. फक्त महिन्यातून एकदा, वापरला नसला तरी, चार्ज करायचा. तुमचे वडील तारीख पाळणारे असतील तर यात काही वाईट नाही.

दुसरा मार्ग मी वयस्कर माणसांसाठी बऱ्याचदा निवडते: तीन पेन्सिल सेलचा होल्डर आणि त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल. प्रत्येकी १.२, मिळून ३.६ व्होल्ट. जुनं चार्जिंगचं सर्किट इथेही काढायचंच, कारण होल्डरचे उघडे पत्रे आणि २३० ची लाइन एका डब्यात नकोत. सेल बाहेर काढून त्यांच्या स्वतःच्या चार्जरमध्ये भरायचे. उजेड लिथियमपेक्षा थोडा कमी. पण दोन-दोन दिवस लाइट नसते तेव्हा मोबाइल चार्जर काय कामाचा? अशा वेळी गावच्या दुकानातून साधे तीन पेन्सिल सेल आणून घातले की टॉर्च पेटतो. साध्या सेलचे तीन मिळून ४.५ व्होल्ट होतात, म्हणून रेझिस्टर त्याप्रमाणे तपासून ठेवा. एक काळजी मात्र घ्या, पेन्सिल सेलच्याच मापाचा लिथियम सेलही मिळतो, १४५०० नावाचा, आणि तो एकटाच ३.७ देतो. असे तीन या होल्डरमध्ये गेले तर ११ व्होल्ट होतील. ते घरात आणूच नका.

लोखंड-फॉस्फेटच्या लिथियमबद्दल विचाराल. तो जास्त सुरक्षित आहे हे खरं, पण तो ३.२ व्होल्टचा, भरतो ३.६५ ला. टीपी ४०५६ त्याला चालत नाही, आणि रेझिस्टर असलेल्या पांढऱ्या एलईडीवर उजेड अगदीच बेताचा पडतो. या टॉर्चसाठी मी त्याच्या मागे लागणार नाही.

जुनी लेडची बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी घरगुती कचऱ्यात मिसळायची नाही. नाकारलेल्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तेही ई-कचऱ्याच्या संकलनात द्या.

सगळं जोडून झालं की पहिलं चार्जिंग ऐरोलीतच, टॉर्च उघडा ठेवून, फरशीवर आणि तुम्ही जागे असताना करा. लाल दिवा जाऊन निळा किंवा हिरवा लागला की सेलवर मीटर लावा. ४.१५ ते ४.२५ मध्ये असेल तर झाकण बसवा. मग टॉर्च उतरेपर्यंत पेटता ठेवून किती तास चालला ते बघा, म्हणजे वडिलांना नेमकं सांगता येईल. आणि गणपतीला गावी जाल तेव्हा एकदा मागचं झाकण उघडून होल्डरची स्प्रिंग बघा. पावसाळ्यात तिच्यावर हिरवट थर चढलेला असतो. सेल काढून ती कोरड्या खडबडीत कापडाने घासायची, सेलचं आवरण चारी बाजूंनी फिरवून पाहायचं आणि परत बसवायचा.